अरुंद हाडांची बाळंतीण आणि डॉक्टर सिम्प्सन

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाई नाव नोंदवायला गेली, की वजन आणि रक्तदाबाबरोबर तिची उंचीही मोजतात. चप्पल काढून, भिंतीला टाचा टेकवून. आकडा १४० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण चार फूट सात इंचांच्या खाली गेला, तर तिची नोंद जोखमीच्या गरोदरपणात होते आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करायचं, असं तिला सांगितलं जातं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना यात फारसं काही वाटत नाही. कमी उंचीच्या कितीतरी बायका आजवर घरीच सुखरूप बाळंत झाल्या, हे त्यांचं म्हणणं खोटंही नसतं. पण तो आकडा उगाच ठरलेला नाही. उंची कमी असली की कमरेचं हाडांचं कडं, ज्याला वैद्यकात कटीर म्हणतात, ते अरुंद असण्याची शक्यता वाढते. आणि बाळाला बाहेर यायची वाट त्या कड्यातूनच जाते.

काही बायकांची उंची याहूनही बरीच कमी, चार फुटांच्या आसपास असते. त्यांच्यापैकी अनेकींमध्ये अकॉन्ड्रोप्लेजिया नावाचा हाडांच्या वाढीतला जन्मजात दोष असतो. हातपाय आखूड, डोकं मोठं, धड जवळपास इतरांएवढं. बुद्धीत काही उणं नसतं, गर्भाशयातही नसतं. दिवस राहतात, बाळ नेहमीसारखं वाढतं, पण कटीर इतकं अरुंद असतं की सिझेरियनवाचून बहुतेक वेळा इलाज नसतो. आणि अशा बाईचं सिझेरियन म्हटलं की खरा पेच सर्जनसमोर नसतो, तो भूल देणाऱ्या डॉक्टरसमोर असतो. तिला भूल द्यायची कशी, किती, आणि कुठून?

बाळंतिणीला भूल देण्याचा इतिहास सुरू होतो तोच मुळी वाकड्या हाडांच्या एका बाईपासून. दिवस होता १९ जानेवारी १८४७. गाव स्कॉटलंडमधलं एडिंबरो. डॉक्टर होते जेम्स यंग सिम्प्सन.

त्या बाईचं नाव इतिहासात प्रसिद्ध झालं नाही, पण तिची हकिगत सिम्प्सन यांनी सविस्तर लिहून ठेवली आहे. तिच्या पाठीचा कणा कमरेपाशी वाकडा होता आणि ती लंगडत चालायची. त्रिकास्थीचा वरचा भाग पुढे झुकल्यामुळे कटीर समोरून मागे अगदी अरुंद झालं होतं. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी कळा सोमवारी सुरू झाल्या, चिमटा लावून बराच वेळ प्रयत्न झाले आणि अखेर गुरुवारी रात्री बाळाचं डोकं फोडून त्याला बाहेर काढावं लागलं. डोकं फोडल्यावरही ते त्या अरुंद वाटेतून ओढताना मोठी ताकद लावावी लागली. बाई वाचली, पण सावरायला तिला फार दिवस लागले.

पुन्हा दिवस राहिले तर लगेच कळव, असं तिच्या डॉक्टरने तिला निक्षून सांगितलं होतं. त्या काळी अशा बाईसाठी एक मार्ग असायचा: पूर्ण दिवस भरण्याआधीच कळा सुरू करायच्या, म्हणजे बाळाचं डोकं लहान असताना ते निघेल. पण ती गप्प राहिली. नववा महिना संपत आला तेव्हा कुठे तिने ही गोष्ट उघड केली. का, ते नोंदीत नाही. पहिल्या अनुभवानंतर डॉक्टरांचं तोंड पाहायची तिची इच्छा नसेल, तर तिला दोष कसा द्यावा?

सिम्प्सन यांनी तिला ईथरच्या वाफेची भूल दिली. ईथरने शस्त्रक्रियेतली वेदना थांबते, हे अमेरिकेत बॉस्टनला १६ ऑक्टोबर १८४६ रोजी जाहीरपणे दाखवलं गेलं होतं आणि डिसेंबरमध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी लंडनमध्ये ते करून पाहिलं होतं. बाळंतपणात मात्र ते कुणी वापरलं नव्हतं. भूल दिली तर कळाच थांबतील, बाळ बाहेर ढकललं जाणार नाही, ही भीती होती. सिम्प्सन यांनी बाईला गुंगीत नेलं, आत हात घालून बाळाला फिरवलं, पायांनी बाहेर ओढलं आणि डोकं मोठ्या कष्टाने सोडवलं. साधारण वीस मिनिटं बाई गुंगीत होती. कळा थांबल्या नाहीत, गर्भाशय आपलं काम करत राहिलं. बाईला नंतर विचारलं तेव्हा वेदनेची आठवण नव्हती. काही दिवसांत ती चालू-फिरू लागली.

बाळाने मात्र काही वेळा धाप टाकली आणि श्वास धरला नाही.

वेदना गेली, पण हाडं होती तशीच राहिली. भुलेच्या कौतुकाच्या कथांमध्ये हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. सिम्प्सन यांनी स्वतः तो गाळला नाही. योगायोग असा की त्याच सुमारास त्यांना स्कॉटलंडमध्ये राणी व्हिक्टोरियाचे वैद्य म्हणून नेमल्याचं कळलं. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या नेमणुकीपेक्षा एका बाईची वेदनेविना सुटका झाली, याचाच आनंद मोठा मानला.

हा माणूस राणीच्या दरबारापर्यंत पोहोचला तो एका बेकरीतून. एडिंबरोच्या पश्चिमेला बाथगेट नावाचं विणकरांचं गाव आहे. तिथल्या पाववाल्या डेव्हिड सिम्प्सनच्या घरी ७ जून १८११ रोजी जेम्सचा जन्म झाला. आठ भावंडांत तो शेवटचा. जन्माच्या दिवसांत दुकान अगदी डबघाईला आलं होतं. आईने हिशेब हातात घेतल्यावर ते सावरलं. जेम्स नऊ वर्षांचा असताना ती आई गेली. थोरल्या बहिणीने त्याला सांभाळलं आणि भावांनी एकमुखाने ठरवलं की घरातला हा एक पोरगा शिकवायचा. सगळ्यांनी मिळून पैसे घातले आणि चौदाव्या वर्षी तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला. कोकणात मुंबईला गिरणीत असलेल्या थोरल्या भावाच्या मनीऑर्डरीवर धाकटे शिकले, त्यातलाच हा प्रकार.

वैद्यकाचा विद्यार्थी असताना लिस्टन यांनी एका बाईच्या स्तनावर केलेली शस्त्रक्रिया जेम्सने पाहिली. त्या काळात भूल नव्हती. चार माणसं रुग्णाला दाबून धरायची आणि सर्जन घड्याळाशी शर्यत लावायचा. तो प्रकार पाहून जेम्स तडक तिथून निघाला आणि न्यायालयात कारकुनी मिळते का याची चौकशी करायला गेला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. कारकुनी त्याने केली नाही. वैद्यकाकडे परतला, पण ते दृश्य डोक्यातून गेलं नाही.

१८३२ मध्ये एम.डी. झाल्यावर त्यांनी प्रसूतिशास्त्र निवडलं. सर्जन लोक या शाखेकडे नाक मुरडूनच बघत, बाळंतपण हे सुईणींचं काम अशीच समजूत होती. १८४० मध्ये विद्यापीठातली या विषयाची प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. वय २८, वर अविवाहित. बाळंतपण शिकवणारा माणूस बिनलग्नाचा कसा, अशी कुजबुज होती. सिम्प्सन यांनी निवडणुकीच्या आधीच लिव्हरपूलच्या जेसी ग्रिंडली हिच्याशी लग्न उरकून घेतलं. नेमणूक नगर परिषदेच्या मतांवर होत असे. १७ विरुद्ध १६, एका मताने ते निवडून आले. प्रचाराच्या खर्चाने डोक्यावर मोठं कर्ज झालं, ते त्यांनी व्यवसायातून फेडलं. अंगाने ठेंगणे, स्थूल, खांद्यांवर मोठं डोकं आणि विस्कटलेले केस, हात मात्र लहान आणि मऊ, असं त्यांचं वर्णन समकालीनांनी केलं आहे. क्वीन स्ट्रीटवरच्या ५२ क्रमांकाच्या घरात सकाळपासून रुग्णांची रांग लागायची आणि जेवणाच्या टेबलावर कोण कोण पाहुणे असतील, याचा घरच्यांनाही पत्ता नसायचा.

ईथर उपयोगी होता, पण त्याचा वास उग्र, खोकला यायचा, बाटल्याच्या बाटल्या लागायच्या. बाळंतपण तासन् तास चालतं. तिथे याहून सोपं काही हवं होतं. सिम्प्सन आणि त्यांचे दोन साहाय्यक, जॉर्ज कीथ आणि मॅथ्यूज डंकन, रात्री जेवणानंतर टेबलाभोवती बसून रसायनं एकामागून एक हुंगू लागले. शेजारी राहणारे प्रोफेसर मिलर सकाळी येऊन तिघे जिवंत आहेत ना, ते बघून जायचे. आजच्या कोणत्याही नैतिक समितीने हा प्रकार एक दिवसही चालू दिला नसता.

४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री क्लोरोफॉर्मची पाळी आली. हे द्रव्य १८३१ च्या सुमारास तीन देशांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तयार केलं होतं, त्यामुळे सिम्प्सन यांना त्याचा शोधकर्ता म्हणणं चुकीचं आहे. ते वापरून बघा, असं त्यांना सुचवलं डेव्हिड वॉल्डी नावाच्या रसायनतज्ज्ञाने. हा वॉल्डी पुढे कोलकात्याला आला, तिथे त्याने रसायनांचा कारखाना काढला आणि तिथेच १८८९ मध्ये वारला. श्रेयाच्या वाटणीत त्याचं नाव मागेच राहिलं. तर त्या रात्री तिघांनी पेल्यांतून वाफ हुंगली, आधी खूप हसू आणि बडबड, मग एकदम शांतता. शुद्धीवर आले तेव्हा तिघेही टेबलाखाली होते.

चारच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, क्लोरोफॉर्म पहिल्यांदा बाळंतपणात वापरला गेला. जेन कार्स्टेअर्स ही एका डॉक्टरची पत्नी. तिचंही पहिलं बाळंतपण तीन दिवस चाललं होतं आणि तिच्याही बाळाचं डोकं फोडावं लागलं होतं. सिम्प्सन यांनी अर्धा चमचा क्लोरोफॉर्म रुमालावर ओतला, रुमालाची नरसाळ्यासारखी गुंडाळी केली आणि तिच्या नाकातोंडावर धरली. थोड्या वेळाने आणखी थोडा. पंचवीस मिनिटांत मुलगी जन्मली, जिवंत, रडणारी. दाईने बाळ आणून दाखवलं तरी हे आपलं बाळ आहे, यावर आईचा विश्वास बसेना. त्या मुलीचं नावच ॲनेस्थेशिया ठेवलं, ही गोष्ट अनेक पुस्तकांत सापडते, पण ती खरी नाही. तिचं नाव विल्हेल्मिना. सिम्प्सन तिला थट्टेने संत ॲनेस्थेशिया म्हणत.

मग टीका सुरू झाली. बायबलमध्ये स्त्रीला वेदनेने मुलं होतील असं म्हटलं आहे, तेव्हा वेदना थांबवणं म्हणजे देवाच्या इच्छेविरुद्ध जाणं, असा आक्षेप काहींनी घेतला. पाववाल्याच्या घरी धर्मग्रंथ पाठ असायचे. सिम्प्सन यांनी पुस्तिकाच छापली. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वेदना नसून कष्ट असा आहे, आणि आदमची फासळी काढण्याआधी देवानेच त्याला गाढ झोप दिली होती, असा त्यांचा प्रतिवाद होता. पुढच्या लेखकांनी हे धर्मयुद्ध फार रंगवून सांगितलं. प्रत्यक्षात जास्त अडचण डॉक्टरांकडूनच आली. बाळंतपणातली वेदना नैसर्गिक आहे, ती उपयोगी आहे, ती थांबवणं धोक्याचं आहे, असं म्हणणारे नामवंत लंडनमध्येही होते आणि फिलाडेल्फियातही. हा वाद बराचसा मिटला तो ७ एप्रिल १८५३ रोजी. राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी ५३ मिनिटं क्लोरोफॉर्म घेतला. मात्र देणारे सिम्प्सन नव्हते. ते लंडनचे डॉ. जॉन स्नो होते. पटकीची साथ पाण्याच्या पंपातून पसरते हे नकाशावर दाखवणारे तेच स्नो.

या दोघांमध्ये एक मोठा फरक होता, आणि आजच्या कमी उंचीच्या बाळंतिणीच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

२८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दोन-तीन मिनिटांत दगावली. क्लोरोफॉर्मने गेलेला हा नोंदलेला पहिला जीव. नखासाठी! तिचा मृत्यू क्लोरोफॉर्ममुळे नव्हे, तर शुद्धीवर आणायला तोंडात घातलेल्या पाणी आणि ब्रँडीमुळे घुसमटून झाला, असं सिम्प्सन यांचं म्हणणं होतं. त्यांची पद्धत साधी होती: घडी घातलेला रुमाल, त्यावर सढळ हाताने ओतलेला क्लोरोफॉर्म, यंत्र वगैरे काही नको. त्यांच्या हाती ती चालली. त्यामुळे ती कुणाच्याही हाती चालेल, असं त्यांना वाटलं. स्नो यांचं मत वेगळं. हवेत क्लोरोफॉर्मची वाफ किती टक्के आहे, हे मोजल्याशिवाय भूल देऊ नये, आणि जास्त दाट वाफ हृदय बंद पाडते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं; त्यासाठी मोजून वाफ देणारी उपकरणंही तयार केली. सिम्प्सन यांनी भूल देण्याचं धाडस केलं, तर स्नो यांनी मात्रा मोजायला शिकवलं. पण एडिंबरोचा शब्द जगभर पाळला गेला आणि पुढची कितीतरी वर्षं रुमालच चालला.

त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. निजामाच्या हैदराबादेत, ज्या राज्यात तेव्हा मराठवाडाही होता, एडिंबरोत शिकलेले डॉ. एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसवले. श्वासावर लक्ष ठेवलं की पुरे, हृदयाची काळजी नको, असा निष्कर्ष निघाला. तो पुढे चुकीचा ठरला: १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदय अचानक फडफडून थांबू शकतं. त्याच हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देत होत्या. भूल देणं हेच आपलं काम मानणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. तीही पुढे एडिंबरोला शिकून आल्या.

आता सव्वाशे वर्षं पुढे यावं. क्लोरोफॉर्म गेला, ईथरही गेला. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या मणक्यांमधून औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर केला आणि दोनच वर्षांत बाझलला ऑस्कर क्राइस यांनी ती पद्धत बाळंतपणात वापरली. आज बहुतेक सिझेरियन याच भुलेखाली होतात. बाई जागी असते, बाळाचं रडणं ऐकते. सर्वसाधारण उंचीच्या बाईला यात औषध लागतं ते जेमतेम दोन मिलीलिटरच्या आसपास.

अकॉन्ड्रोप्लेजिया असलेल्या बाईच्या बाबतीत हाच हिशेब चुकतो. तिच्या मणक्यांमधली नळी मुळात अरुंद असते. कमरेत खोल बाक, त्याच्या वर काही वेळा कुबड. सुई कुठे घालावी ते बोटांना लागत नाही. अरुंद नळीत नेहमीएवढं औषध सोडलं तर ते वर चढत छातीपर्यंत, कधी मानेपर्यंत जातं आणि श्वास घेणारे स्नायूच लुळे पडतात. फार कमी दिलं तर पोट उघडल्यावर बाईला दुखतं. किती द्यावं याचं ठरलेलं कोष्टक नाही, कारण अशा बायका थोड्या. साधारण २५ हजार जन्मांमागे एकात हा दोष आढळतो. म्हणून अनेक भूलतज्ज्ञ मणक्याबाहेरच्या पोकळीत बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून थोडं थोडं औषध देत, बधिरपणा कुठपर्यंत चढला ते पाहत पुढे जातात. स्नो यांनी पाहिलं असतं तर त्यांना हे फार आवडलं असतं.

मग पूर्ण भूल का देत नाहीत, असं कुणी विचारेल. तीही सोपी नसते. मान आखूड, मागे फारशी वळत नाही. डोकं मोठं, नाकाची वाट बारीक. कवटी आणि मान जिथे जुळतात तिथलं छिद्र लहान असू शकतं, तेव्हा मान जोराने मागे ओढली तर मज्जारज्जूला इजा होते. गरोदरपणात घशाला सूज असते, पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते, हे १९४६ मध्ये मेंडेलसन यांनी दाखवलं. वाढलेलं गर्भाशय आखूड धडात मावत नाही, ते फुप्फुसांना खालून दाबतं. श्वास थांबला तर ऑक्सिजन भराभर उतरतो. म्हणजे नळी घालायला वेळ कमी आणि जागाही कमी. अगदी रक्तदाबाचा पट्टासुद्धा नेहमीचा चालत नाही, आखूड दंडाला तो मोठा होतो.

हे सगळं कळा सुरू झाल्यावर रात्री दोन वाजता ठरवायचं नसतं. मानेचे, कण्याचे फोटो आधी बघायचे असतात, श्वासाची तपासणी करायची असते, लहान मापाची नळी आणि कॅमेऱ्याचं उपकरण जवळ आणून ठेवायचं असतं. कोकणात हा मुद्दा अधिक टोकाचा होतो. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ कायम असेलच असं नाही. अनेकदा तो एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात धावत असतो. पावसाळ्यात आंबा घाटातून कोल्हापूर गाठणं म्हणजे काय, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. आता रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची विशेष तपासणी २०१६ पासून होते. उंची कमी असलेल्या बाईने तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच तिथे दिसावं आणि सहाव्या-सातव्या महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर भूलतज्ज्ञालाही भेटावं. लाजून, किंवा लोक बघतील म्हणून घरात बसणाऱ्या बायका असतात. एडिंबरोची ती बाईही नवव्या महिन्यापर्यंत बसली होती.

तिच्यासाठी सिम्प्सन यांनी सिझेरियन का केलं नाही? कारण तेव्हा सिझेरियन म्हणजे आईचा जवळजवळ निश्चित मृत्यू. गर्भाशयाला टाके घालण्याची पद्धत जर्मनीच्या मॅक्स सेंगर यांनी रूढ केली ती १८८२ मध्ये. त्याआधी गर्भाशय तसंच उघडं सोडत. रक्तस्राव आणि पू यांनी बायका जात. भुलेने शस्त्रक्रिया शक्य झाली, सुरक्षित मात्र झाली नाही. हे सिम्प्सन यांना नीट कळलेलं होतं. १८६९ मध्ये त्यांनी हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांचे आकडे देशभरातून गोळा केले. मोठ्या रुग्णालयांतल्या २,०८९ रुग्णांपैकी ८५५ दगावले होते; खेड्यापाड्यांत, लोकांच्या घरी झालेल्या २,०९८ शस्त्रक्रियांत फक्त २२६. रुग्णालयच माणसं मारतं, असा त्याचा अर्थ. मोठ्या इमारती पाडा, लहान लहान झोपड्या बांधा आणि त्या अधूनमधून बदला, असा उपाय त्यांनी सुचवला.

खरा उपाय त्याच वेळी स्कॉटलंडमध्येच तयार होता. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा धुण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. पण सिम्प्सन यांनी तिला कडाडून विरोध केला. थोडा भाग भांडणाचा होता. रक्त थांबवण्यासाठी दोऱ्याऐवजी सुई टोचून रक्तवाहिनी दाबण्याची युक्ती सिम्प्सन यांनी काढली होती, आणि लिस्टर यांचे सासरे प्रोफेसर साइम यांनी त्यावरची सिम्प्सन यांची पुस्तिका विद्यार्थ्यांसमोर भर वर्गात फाडून टाकली होती. एडिंबरोतल्या या प्राध्यापकांची भांडणं आपल्याकडच्या भाऊबंदकीला लाजवतील अशी होती. सिम्प्सन यांची ती सुई विस्मरणात गेली, लिस्टर टिकले. त्यांच्या आणि सेंगरच्या कामामुळेच पुढे अरुंद हाडांच्या बाईला बाळासह वाचवता येऊ लागलं.

सिम्प्सन यांचं टिकलं ते दुसरंच. १८४८ मध्ये त्यांनी आखलेला प्रसूतीचा चिमटा आजही त्यांच्याच नावाने आपल्या प्रसूतिगृहांच्या ट्रेमध्ये असतो. १८४९ मध्ये त्यांनी हवेच्या ओढीने बाळाचं डोकं खेचणारं उपकरण केलं. आजच्या व्हॅक्यूमचं ते पूर्वरूप. एमिली ब्लॅकवेल ही अमेरिकेतून आलेली डॉक्टर १८५४ मध्ये त्यांच्याकडे काम शिकली, त्या वेळी बहुतेक दवाखान्यांचे दरवाजे बायकांना बंद होते.

१८६६ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली. पण त्याच सुमारास थोरला मुलगा डेव्हिड, जो स्वतः डॉक्टर झाला होता, वारला आणि पाठोपाठ मुलगी जेसी गेली. अभिनंदनाला आलेले लोक सांत्वन करून परतले. त्यानंतर छातीचं दुखणं वाढत गेलं, तरी रात्री-अपरात्री रुग्णांकडे जाणं थांबलं नाही. ६ मे १८७० रोजी क्वीन स्ट्रीटवरच्या त्याच घरात, ५८ व्या वर्षी, ते गेले. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजेमहाराजांच्या शेजारी जागा देऊ केली होती. घरच्यांनी ती नाकारली. दुकानं बंद ठेवून हजारो लोक रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांना एडिंबरोच्याच वॉरिस्टन दफनभूमीत, आधी गेलेल्या मुलांजवळ पुरण्यात आलं.